‘चालूच होईना’ला इंग्रजीत काय म्हणाल?

चाकूरच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवतं आणि म्हणतं, ‘‘भाऊ, सकाळपासून चालूच होईना बघा. रात्री हातातून पडला होता.’’ काय बिघडलं, कधीपासून आणि कशानं, हे सगळं एवढ्यात आलं. कारागीर लगेच फोन उघडायला घेतो.

हेच गिऱ्हाईक नोकरीला पुण्याला किंवा हैदराबादला गेलं आणि सेवा केंद्राला ईमेल लिहू लागलं, की ‘माय मोबाइल इज नॉट गेटिंग ऑन, प्लीज डू द नीडफुल’ एवढ्यावर थांबतं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी रोजचा बिघाड सांगताना पोरं अडतात. कारण ती शब्दाला शब्द लावतात. लावायची असते क्रियापदाची ढब.

‘होईना’ घ्या. फोन दाद देत नाही, हा त्यातला भाव. इंग्रजीत तो ‘वोंट’मध्ये आहे: ‘द फोन वोंट टर्न ऑन’, ‘इट वोंट चार्ज’. हा भविष्यकाळ नव्हे, आपला ‘होईना’च आहे. ‘सारखा हँग होतोय’मधला ‘सारखा’ म्हणजे ‘कीप्स’: ‘इट कीप्स फ्रीझिंग’. ‘आपोआप बंद पडतोय’ म्हणजे ‘इट कीप्स शटिंग डाउन बाय इटसेल्फ’.

‘चार्जिंग लवकर उतरतं’ म्हणताना आपण चार्जिंगला कर्ता करतो. इंग्रजीत उतरते ती बॅटरी: ‘द बॅटरी ड्रेन्स टू फास्ट’. ‘चार्जिंगची पिन ढिली झाली’ हे ‘द चार्जिंग पोर्ट इज लूज’ असं सांगा, कारण फोनमधल्या खाचेला तिथे पोर्ट म्हणतात. ‘माझा आवाज पलीकडे जाईना’ म्हणजे ‘पीपल कान्ट हिअर मी ऑन कॉल्स’.

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘करणे’ आणि ‘करून घेणे’ यांत. ‘आय वाँट टु रिपेअर माय फोन’ म्हटलं, तर स्क्रूड्रायव्हर घेऊन तुम्हीच बसणार, असा अर्थ निघतो. दुरुस्त करून घ्यायचा असेल तर ‘आय वाँट टु गेट माय फोन रिपेअर्ड’. मराठीनं हा फरक आपल्याला लहानपणीच शिकवलेला आहे.

विनंतीचंही तसंच. इंग्रजीत तू-तुम्ही नाही. तिथला आदर ‘कुड यू’मध्ये असतो. ‘जरा बघता का?’ म्हणजे ‘कुड यू टेक अ लुक अॅट इट?’ ‘किती खर्च येईल?’ म्हणजे ‘हाऊ मच विल इट कॉस्ट?’ आणि ‘न्यायला कधी येऊ?’ म्हणजे ‘व्हेन कॅन आय पिक इट अप?’

मग पत्र असं होतं: ‘आय ड्रॉप्ड माय फोन लास्ट नाइट. सिन्स धिस मॉर्निंग, इट वोंट टर्न ऑन. कुड यू टेल मी हाऊ मच द रिपेअर विल कॉस्ट?’ सोबत बिलाची तारीख आणि पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक द्या. फोन चालू असेल तर तो स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबल्यावर दिसतो. बंद असेल तर खोक्यावर छापलेला असतो.

लिहिण्याआधी एकदा तक्रार मराठीत मोठ्यानं म्हणा, दुकानातल्या भाऊला सांगाल तशी. काय, कधीपासून, कशानं हे जुळलं, की इंग्रजी वाक्य निम्मं तयार असतं. आणि कंपनीनं दादच दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते.