तीस टक्के, पण कशाचे?

‘आम्ही त्याला तीस टक्केवालेच घालतो, चोवीसचे नाही,’ हे वाक्य पशुवैद्याच्या दवाखान्यातील बाकावर मी इतक्यांदा ऐकले आहे की, दर खेपेस कुत्र्याचे नाव तेवढे निराळे असते. पाकिटावरचा प्रथिनांचा टक्का हा अन्नाच्या दर्जाचा सरकारी दाखलाच होय, अशी भल्याभल्या सुशिक्षितांची समजूत आहे, आणि ती जितकी पक्की तितकीच बिनबुडाची आहे.

त्या आकड्याच्या अलीकडे ‘क्रूड’ असा एक शब्द छापलेला असतो, त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. प्रथिने प्रत्यक्ष मोजलीच जात नाहीत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल याने 1883 मध्ये घालून दिलेल्या रीतीने, अथवा तिच्या जागी आलेल्या ज्वलनपद्धतीने, अन्नातले नत्र मोजतात आणि प्रथिनांत सोळा टक्के नत्र असते असे धरून त्याला 6.25 ने गुणून मोकळे होतात. ते नत्र आले कोठून, याची चौकशी या हिशेबात नाही. म्हणूनच कोंबडीची पिसे, जी कच्च्या रूपात कुत्र्याला जवळजवळ पचत नाहीत, तीही येथे उत्तम प्रथिन म्हणून खपतात. आणि मेलामाइन, ज्यात प्रथिनाचा लवलेश नाही पण वजनाच्या दोन तृतीयांश नत्र आहे, ते तर पिसांवरही मात करते. हा निव्वळ तर्कविलास नव्हे. 2007 मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये टक्का फुगवण्यासाठी मेलामाइन मिसळलेले होते. सायन्युरिक आम्लाशी त्याचे स्फटिक होऊन ते मूत्रपिंडांत साचले, अमेरिकेत नि कॅनडात कुत्री-मांजरे दगावली, आणि मेनू फूड्स या कंपनीला सहा कोटींच्या घरात डबे आणि पाकिटे परत मागवावी लागली.

बरे, टक्क्यांचीच तुलना करायची, तर निदान पाणी तरी वजा करावे! ओल्या अन्नाच्या डब्यावर 8 आणि कोरड्या दाण्यांवर 24 पाहून एका गृहस्थांनी डबा माझ्यादेखत फळीवर परत ठेवला. डब्यात आर्द्रता होती 78 टक्के. म्हणजे घनांश 22, त्यात प्रथिने 8, भागाकार 36 वर जातो. दाण्यांत पाणी 10 टक्के, तेव्हा 24 चे फार तर 27. अमेरिकेतील आफ्को या संस्थेने प्रौढ कुत्र्यासाठी ठरवलेले किमान 18 टक्केही घनांशावरचेच आहेत.

बाकीच्या समजुतींची वासलात थोडक्यात लावता येते. यादीत पहिले आलेले ‘ताजे चिकन’ शिजण्यापूर्वीच्या वजनाने पहिले असते, आणि त्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच. ‘उपपदार्थ’ म्हणजे कचरा नव्हे. भाकरीबरोबर आपण आवडीने खातो त्या कलेजीसारख्या अवयवांचे ते दप्तरी नाव. कुत्र्याला धान्य पचत नाही म्हणावे, तर पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात लांडग्याहून कितीतरी अधिक असल्याचे ‘नेचर’मध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेले आहे. प्रथिनांनी निरोगी मूत्रपिंड बिघडते, यालाही आधार नाही. आजारी मूत्रपिंडाची गोष्ट अर्थात वेगळी, आणि ती वैद्याने ठरवायची.

पाहायचे ते प्रथिन कोणत्या पदार्थाचे, त्यातली अमिनो आम्ले कोणती, आणि ते पचते किती. यातले शेवटचे पाकिटावर सहसा नसते, कंपनीलाच विचारावे लागते. मी एकदा रीतसर पत्र लिहून विचारणा केली होती. तीन आठवड्यांनी उत्तरादाखल दहा टक्के सवलतीचे कूपन आले.