'नॅनो' औषध : खरे किती, नावापुरते किती?

गेल्या आठवड्यात गेवराईकडचे एक शेतकरी दवाखान्यात आले. वय साठ, दहा वर्षांचा मधुमेह. गुडघेदुखीसाठी बाजारातून आणलेली भुकटीची डबी त्यांनी टेबलावर ठेवली. डबीवर ठळक अक्षरांत 'नॅनो' छापलेले. "डॉक्टरसाहेब, हे नॅनो खरंच असतंय का, का नुसतं नाव?"

प्रश्न रास्त आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस सुमारे 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. एवढ्या सूक्ष्म कणांतून औषध दिले, तर ते हव्या त्या जागी जास्त पोचते व इतर अवयवांना अपाय कमी होतो, ही मूळ कल्पना.

तिचा पुरावा आपण 2021 मध्ये पाहिला. कोरोनानंतर काळ्या बुरशीने (म्युकरमायकोसिस) अनेकांना गाठले. त्यावरचे अँफोटेरिसिन हे जुने औषध बुरशी मारते, पण मूत्रपिंडालाही इजा करते. तेच औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म फुग्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, घातले की मूत्रपिंडाला होणारा त्रास बराच कमी होतो. असे भारतीय औषध दिल्ली विद्यापीठातील डॉ. बच्छावत यांच्या संशोधनातून तयार झाले आणि 1990 च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी रुग्णांवर त्याच्या चाचण्या केल्या. पुढे ते 'फंगिसोम' नावाने बाजारात आले.

म्हणजे संशोधन फळाला आले. पण कोणासाठी? माझ्या एका रुग्णाला, वजन 60 किलो, दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅम या हिशेबाने लायपोसोमचे इंजेक्शन लिहून दिले होते. 50 मिलिग्रॅमच्या रोज सहा कुप्या झाल्या, तेही कित्येक दिवस. एकेका कुपीला हजारो रुपये आणि त्यातही तुटवडा. मुलाने शेत गहाण ठेवले. रुग्ण वाचला, एक डोळा मात्र गेला.

इतरत्रही हेच चित्र दिसते. कर्करोगावरचे 'डॉक्सिल' अमेरिकेत 1995 मध्ये मान्य झाले. हृदयाला अपाय कमी, किंमत मात्र जास्त. भारत सरकारने 2007 मध्ये पाच वर्षांसाठी 1000 कोटींचे नॅनो मिशन हाती घेतले. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला 2022 मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली, पण तोवर साथीचा जोर ओसरला होता. थोडक्यात, नॅनो औषधे खरी आहेत. पण ती हळू येतात, महाग असतात आणि चाचण्यांतून तावूनसुलाखून येतात.

त्या डबीवर ना घटक होते, ना परवाना क्रमांक. अशा भुकट्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. गुडघा लगेच थांबतो, म्हणून माणूस खूष होतो. इकडे साखर मात्र भडकते, आणि वाढलेली साखर व स्टेरॉइड ही तर काळ्या बुरशीला उघडी दारेच! शेतकऱ्याची साखर तपासली, ती 340 भरली.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. घटक व परवाना क्रमांक नसलेले औषध घेऊ नका. आधीच घेत असाल, तर एकाएकी बंद न करता डबी घेऊन डॉक्टरांकडे या. मधुमेह्याला चेहऱ्याच्या एका बाजूला सूज किंवा दुखणे, नाकातून काळसर स्राव, अथवा एकाचे दोन दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.