क्लचप्लेटमधला काजू

पिंपरीच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी, रोजची धाव हिंजवडीपर्यंत. हौसेने ईसीयू रीमॅप करून घेतला. आता पाचव्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार आरपीएमवर पाय दाबला की काटा झपकन वर जातो, गाडी मात्र त्या मानाने उचल घेत नाही. गॅरेजमधून सल्ला मिळाला: सिक्स-पक सिरॅमिक क्लच टाका, पाचशे न्यूटन-मीटरपर्यंत बघायला नको. टाकू का, असं त्यांनी विचारलं आहे.

टाकू नका. ज्या पाचशेच्या आकड्यावर हा क्लच विकला जातो, त्या आकड्याचा रोजच्या गाडीशी फारच थोडा संबंध आहे.

वाचकाचं निरीक्षण मात्र अचूक आहे. खालच्या गिअरमध्ये आरपीएम इतक्या भराभर चढतात की टर्बोला पुरता दाब तयार करायला सवड मिळत नाही आणि टॉर्कचा एक वाटा फ्लायव्हीलचाच वेग वाढवण्यात खर्च होतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन कमाल टॉर्कच्या पट्ट्यात रेंगाळतं आणि सगळा भार क्लचवर येतो. म्हणजे क्लच स्लिप होतोय. (गिअरबॉक्स उतरवल्यावर क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून ऑईल झिरपत नाही ना, एवढं आधी पाहावं. तेलकट प्लेटही हेच लक्षण दाखवते.)

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. समजा प्लेट २०० मिलिमीटर व्यासाची, सरासरी त्रिज्या ८३ मिलिमीटर, दाब ४५०० न्यूटन, घर्षणांक ०.३. प्लेटच्या दोन्ही बाजू घासतात, म्हणून पृष्ठभाग दोन. गुणाकार येतो सुमारे २२५ न्यूटन-मीटर. चाकणला तयार होणाऱ्या एक लिटर टीएसआय गाड्यांचा मूळ टॉर्क १७८ न्यूटन-मीटर आहे. त्याला हे ऐसपैस पुरतं. रीमॅपने टॉर्क २४० वर नेला की पुरत नाही.

या गुणाकारात क्षेत्रफळ नाही, हे मला आजही विलक्षण वाटतं. शार्ल कुलोम हा फ्रेंच लष्करी इंजिनिअर. विद्युतभारांचा नियम मांडण्याच्या आधी त्याने रोशफोरच्या जहाजगोदीत लाकूड, लोखंड आणि दोरखंड घासून पाहिले आणि त्या कामाला १७८१ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं पारितोषिक मिळालं. दाब तोच असेल तर घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे अमाँताँने १६९९ मध्येच सांगितलं होतं. कुलोमने ते प्रयोगांनी भक्कम केलं. सिक्स-पक प्लेटवर अखंड गोल अस्तराऐवजी सहाच तुकडे असतात, तरी तिची पकड त्यामुळे कमी होत नाही. उलट सिरॅमिक-धातूच्या मिश्रणाचा घर्षणांक ०.४ च्या पुढे असल्याने ती वाढते. गॅरेजवाल्यांचं इतपत बरोबरच आहे.

चुकतं ते पुढे. क्लच घट्ट धरून ठेवतो तेव्हा त्याला काहीच काम नसतं. त्याचं काम गाडी जागची हलवताना असतं, आणि ते घसरत करायचं असतं. सिग्नल सुटला, इंजिन १५०० आरपीएमवर स्थिर आहे आणि गाडी शून्यावरून त्या वेगाला येते आहे असं धरा. गणित सरळ आहे: इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी गाडीला मिळते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होते. क्लच हजारांचा असो की लाखाचा, हा निम्मा वाटा चुकत नाही. पहिल्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला ताशी १२ किलोमीटरचा वेग आणि माणसांसकट वजन १३०० किलो धरलं तर दर वेळी सुमारे सात हजार ज्यूल. एकदम धरणाऱ्या क्लचवर गाडी बंद पडू नये म्हणून चालक आपोआप रेस वाढवतो. तीच सुरुवात २५०० आरपीएमवर केली तर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने उष्णता पावणेतीन पट होते. सिरॅमिक तुकडे ती सोसतात. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग मात्र खरवडला जातो, तापून निळसर डाग पडतात आणि पुढच्या वेळी प्लेटबरोबर फ्लायव्हीलचाही खर्च येतो.

शिवाय अशा क्लचवर गाडी थरथरते, सारंगीच्या तारेसारखी. सारंगीवर गज ओढला की राळ लावलेले केस तार धरून नेतात, ताण वाढतो, तार सुटून मागे घसरते आणि पुन्हा धरली जाते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं आणि सूर उमटतो. थांबलेल्या स्थितीतलं घर्षण जास्त आणि घसरतानाचं कमी असलं, तर हे धरणं-सुटणं सहज सुरू होतं. केंब्रिजमध्ये बाउडन आणि लेबेन यांनी १९३९ मध्ये धातूंच्या घर्षणात हीच लय मोजून दाखवली. क्लचमध्ये ती सेकंदाला दहाएक वेळा येते आणि गाडी अंगात आल्यासारखी हलते. सारंगियाला जे हवं तेच क्लच बनवणाऱ्याला टाळायचं असतं: घसरण्याचा वेग वाढला तरी घर्षण पडता कामा नये.

कोकणातला काजू इथे कामी येतो. ज्याला ऑरगॅनिक अस्तर म्हणतात त्यात काचेचे धागे, तांब्या-पितळेची तार, रबर आणि हे सगळं बांधून ठेवणारं फिनॉलिक रेझीन असतं. नुसतं रेझीन ठिसूळ. म्हणून त्यात काजूच्या कवचातल्या तेलापासून केलेली भुकटी घालतात. काजू भाजणाऱ्या बायकांच्या हातांना फोड आणणारं तेच हे काळपट, चिकट तेल. त्यातल्या कार्डानॉल या रेणूचं डोकं फिनॉलचं असतं, म्हणून तो रेझीनच्या कुळात बसतो, आणि त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी असते, म्हणून घट्ट झाल्यावरही त्यात थोडी लवचीकता राहते. हे कण अस्तराला किंचित मऊपणा देतात, घर्षण एकसारखं ठेवतात आणि थरथर कमी करतात. ब्रेकच्या अस्तरांतही हीच भुकटी असते. गर चवीने खाणाऱ्यांनी कवचाचीही इतकी कदर करायला हवी. या अस्तराची मर्यादा तापमानाची आहे: साधारण ३०० अंशांच्या आसपास रेझीन जळू लागतं, आणि घाटात हाफ क्लचवर अडकलेल्या गाडीमागे येतो तो वास त्याचाच.

म्हणून या वाचकाने अस्तर ऑरगॅनिकच ठेवावं, अखंड गोल, आणि मधल्या हबला स्प्रिंगा असलेलं. गुणाकारातला तिसरा घटक वाढवावा, म्हणजे दाब. ४५०० ऐवजी ५८०० न्यूटनची प्रेशर प्लेट घेतली तर क्षमता सुमारे २९० होते आणि २४० च्या टॉर्कला पुरेशी सवड राहते. पेडल थोडं जड होईल, पण भीती वाटते तेवढं नाही, कारण प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग उथळ शंकूच्या आकाराची असते. अशा चकतीचं पेटंट १८६७ मध्ये फ्रान्सच्या ज्युलियन बेलव्हिलने घेतलं होतं. तिचा प्रतिकार आधी वाढतो आणि एका मर्यादेपुढे दाबली की उतरतो, म्हणून पेडल शेवटी हलकं लागतं. अस्तर झिजू लागलं की याच गुणामुळे काही काळ दाब उलट वाढतो.

टॉर्क चारशेच्या पुढे असलेल्यांनी पृष्ठभागांची संख्या वाढवावी. दोन प्लेटी म्हणजे चार पृष्ठभाग, स्प्रिंग तीच आणि क्षमता दुप्पट. इथे हेन्री सेल्बी हेली-शॉ यांची आठवण काढायलाच हवी. दोन काचांच्या अगदी अरुंद फटीतून द्रव वाहू देऊन त्यांनी १८९८ मध्ये प्रवाहरेषा डोळ्यांना दाखवल्या. आज द्रवगतिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'हेली-शॉ सेल' माहीत असतो. लिव्हरपूलच्या याच प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या आरंभी तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा क्लच बनवला. चकत्यांना व्ही आकाराची खाच होती, त्यामुळे त्या पाचरीसारख्या एकमेकींत बसत आणि तेलातही धरून राहत. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मोटरसायकलींत तेलातलाच अनेक प्लेटींचा क्लच असतो. तो पाहून हेली-शॉंचं नाव कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

प्लेट मागवण्यापूर्वी ट्यूनरकडे एक फेरी मारावी. दोन हजार आरपीएमला टॉर्कचा जो सुळका उभा राहतो तो थोडा छाटून घेता येतो. वरच्या आरपीएमची ताकद तशीच राहते आणि क्लचवरचा सर्वांत वाईट भार जातो. मागे गिअरबॉक्सही आहे. फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यू२०० गिअरबॉक्सच्या नावातला २०० हा त्याच्यासाठी धरलेला न्यूटन-मीटरमधला टॉर्क आहे. क्लच कधीच स्लिप होणार नाही असा केला, तर झटका गिअरच्या दातांवर जाईल, आणि क्लचच्या सेटपेक्षा गिअरबॉक्सचं काम कितीतरी महाग पडतं.

नवा क्लच बसवल्यावर पहिले सात-आठशे किलोमीटर शहरातच, सौम्यपणे चालवावेत आणि पूर्ण बूस्ट देऊ नये. नवं अस्तर आणि फ्लायव्हील यांची गाठ सुरुवातीला मोजक्या उंचवट्यांवरच पडते, आणि ते घासून सारखे होईपर्यंत हिशेबातले २९० हातात येत नाहीत.