तळ्यातील परका मासा

परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीवर येलदरीचा जलाशय आहे. अशा जलाशयांवर व गावतळ्यांवर अनेक भोई कुटुंबांची उपजीविका चालते. म्हणून पाण्यात कोणते बीज सोडावयाचे, हा त्यांच्या भाकरीचा प्रश्न होय.

आफ्रिकेतील चिलापी मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो दोन-तीन महिन्यांतच वयात येतो. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. त्यामुळे पिले मोठ्या संख्येने जगतात. लवकरच पाण्यात दाटी होते, अन्न अपुरे पडते आणि मासा खुरटा राहतो. कटला-रोहूच्या वाट्यासही तोटा येतो.

आफ्रिकन मागूर याहून घातक आहे. तो लहान मासे फस्त करतो, हवेतून श्वास घेतो व पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या ओढ्यात शिरतो. त्याच्या पैदाशीवर २००० साली बंदी घालण्यात आली.

एकदा नदीस मिळालेला मासा वेचून काढता येत नाही. यास्तव बोटुकली खात्रीच्या मत्स्यबीज केंद्रातूनच घ्यावी, सांडव्यास बारीक जाळी लावावी, आणि अनोळखी बीज आढळल्यास ग्रामसेवकांनी मत्स्यव्यवसाय विभागास तत्काळ कळवावे.