कटिंग चहाइतकं रक्त

आमच्या घरात बाळ जन्मलं की वडीलधारा माणूस त्याच्या कानात अजान देतो. माझ्या पुतणीचा मुलगा अठ्ठाविसाव्या आठवड्यातच, पुण्यातल्या एका रुग्णालयात जन्मला. वजन ९८० ग्रॅम. मी उरवड्याहून गेलो, तर अतिदक्षता विभागातल्या सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं. ‘‘काका, अगदी हळू. आणि हात लावू नका.’’

असं का, ते पुढच्या दिवसांत कळलं. मी कविता करणारा, बी. ए. झालेला माणूस. सांगतोय ते डॉक्टरांना विचारून आणि मग वाचून समजलेलं.

किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ९० मिलिलीटर. एक कटिंग चहा म्हणा ना! त्याच्या मेंदूतल्या पोकळ्यांलगत नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळात ते विरून गेलेलं असतं. या बाळांत रक्तदाब जरा वरखाली झाला तरी ते फुटू शकतं, बहुधा पहिल्या ७२ तासांत. म्हणून उपचार जन्माआधीच सुरू होतो. आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी चार. माझ्या पुतणीला दोनच मिळाली. नंतर बाळाच्या मांडीत ‘के’ जीवनसत्त्व, आणि मग गोंगाट नाही, हाताळणी नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या श्वासनळीतल्या नळीतून लाल फेस आला. हृदयाजवळची जी वाहिनी जन्मानंतर मिटायला हवी, ती उघडीच राहून फुप्फुसांत रक्ताचा लोंढा गेला होता. मला वाटलं, आता रक्त ओढून काढतील. डॉक्टरांनी उलट श्वासयंत्राचा दाब वाढवला. आतून हवा दाबून राहिली की गळती दबते. वारंवार ओढलं तर वाढते. नळी तुंबू नये एवढंच काढलं. बाहेरून रक्त दिलं ते १५ मिलिलीटर, तेही पंपाने तीन-चार तासांत. संध्याकाळपर्यंत फेस थांबला. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदू स्वच्छ दिसला.

आठव्या दिवशी प्लेटलेट्स ४० हजारांवर उतरल्या. दीड लाखाच्या वर हव्यात. उरवड्याहून चार पोरं रक्त द्यायला जीप करून आली. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘थांबू या. आता रक्तस्राव नाही. २५ हजारांखाली गेल्या तर देऊ.’’

मला संताप आला. हा काय कंजूषपणा! मग त्यांनी समजावलं. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ६६० बाळांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ५० हजारांखाली येताच ज्यांना प्लेटलेट्स दिल्या, त्यांच्यात शंभरातल्या २६ बाळांना मृत्यूने किंवा मोठ्या रक्तस्रावाने गाठलं. २५ हजारांपर्यंत थांबले, तिथे १९. म्हणजे माझ्या घाईनेच घात झाला असता.

तीन दिवसांनी आकडा आपोआप चढू लागला. पोरांनी मात्र आली त्याच दिवशी रक्तपेढीत रक्त देऊनच परतीची वाट धरली. एकाचं वजन कमी भरलं, त्याला परत पाठवलं. तो अजून फुरंगटून आहे.