मोटारीतील ॲम्प्लिफायरची छुपी मांडणी

मोटारीतील ॲम्प्लिफायरची छुपी मांडणी म्हणजे मोटारीच्या ध्वनियंत्रणेतील ॲम्प्लिफायर (विवर्धक) प्रवाशांच्या नजरेस न पडेल आणि डिकीतील सामानाची जागा न अडवेल अशा रीतीने बसवण्याची पद्धत होय. सीटखालची पोकळी, स्टेपनीचा खड्डा, डिकीच्या बाजूचे कप्पे आणि डॅशबोर्डमागील जागा यांचा त्यासाठी वापर केला जातो. चोरीपासून संरक्षण, सामानाच्या धक्क्यांपासून बचाव आणि डिकीचा पूर्ण वापर हे या पद्धतीचे मुख्य हेतू आहेत. मात्र बंदिस्त जागेत उष्णता साचते, पाणी शिरण्याचा धोका असतो आणि जोडणीतील दोष लवकर लक्षात येत नाहीत. त्यामुळे जागेची निवड केवळ मापावरून करता येत नाही.

पार्श्वभूमी

गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये अमेरिकेत 'मोटोरोला' या नावाने मोटारीसाठी रेडिओ विक्रीस आणला. त्या काळच्या संचांचे भाग मोटारीत वेगवेगळ्या ठिकाणी बसवावे लागत. पुढे ट्रान्झिस्टरमुळे संपूर्ण संच डॅशबोर्डमध्ये मावू लागला.

डॅशबोर्डमधील संचाच्या शक्तीला मात्र मोटारीच्या विद्युतदाबामुळे मर्यादा पडते. इंजिन चालू असताना हा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. त्यावर थेट चालणारे परिपथ ४ ओहमच्या स्पीकरला सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे २६ वॅट, तर प्रत्यक्षात १८ ते २० वॅट इतकीच शुद्ध शक्ती देऊ शकतात. सबवूफरला याहून बरीच अधिक शक्ती लागते. स्वतंत्र ॲम्प्लिफायरमध्ये विद्युतदाब वाढवणारा परिपथ असतो आणि त्यामुळे ही मर्यादा ओलांडता येते. या वेगळ्या पेटीमुळेच ती कोठे ठेवावी हा प्रश्न निर्माण झाला. जनरल मोटर्स व बोस यांनी १९८३ च्या काही मोटारींसाठी विकसित केलेल्या यंत्रणेत ॲम्प्लिफायर स्पीकरच्या पेट्यांमध्येच सामावलेले होते.

जागेचा हिशेब

३० सेंमी लांब, २० सेंमी रुंद व ५ सेंमी उंच ॲम्प्लिफायरचे आकारमान केवळ ३ लिटर असते. डिकीतील जागा कमी होते ती प्रामुख्याने त्याच्या भोवतीच्या रचनेमुळे. उदाहरणार्थ, १०० सेंमी × ८० सेंमी मापाच्या डिकीत ॲम्प्लिफायर झाकण्यासाठी ७ सेंमी उंचीवर प्लायवुडचा खोटा तळ बसवल्यास ५६ लिटर जागा व्यापली जाते. ३१६ लिटरच्या डिकीचा हा जवळजवळ १८ टक्के भाग होय. म्हणून नवी पोकळी तयार करण्याऐवजी मोटारीत मुळातच असलेली पोकळी शोधणे अधिक उपयुक्त ठरते.

मांडणीच्या जागा

सीटखाली: पुढील सीटखालची जागा सर्वाधिक वापरली जाते. येथे डॅशबोर्डपासून तारांचे अंतर कमी राहते. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे व सर्वांत खाली नेऊन मोकळी उंची मोजावी लागते. सीटच्या यंत्रणेत अडकणार नाहीत अशा रीतीने तारा बांधणे आवश्यक असते. काही मोटारींत मागील प्रवाशांसाठीच्या हवेच्या नळ्या येथूनच जातात.

स्टेपनीचा खड्डा: स्टेपनीच्या रिमच्या पोकळ भागात लहान ॲम्प्लिफायर मावू शकतो. मात्र रात्री रस्त्यात चाक पंक्चर झाल्यास स्टेपनी सहज काढता आली पाहिजे. त्यासाठी पाट्यावर बसवलेला ॲम्प्लिफायर व हाताने सुटणारे कनेक्टर वापरले जातात. खड्डा हा डिकीतील सर्वांत खोल भाग असल्याने गळतीचे पाणी तेथेच साचते. त्यामुळे ॲम्प्लिफायर तळाला टेकवून ठेवत नाहीत.

डिकीच्या बाजूचे कप्पे: मागील चाकाच्या कमानीमागे, आतील आवरणाआड, बऱ्याच मोटारींत पोकळी असते. ॲम्प्लिफायर येथे उभा बसवता येतो. पंख उभ्या दिशेत राहिल्यास त्यांच्यामधून तापलेली हवा सहज वर जाते.

मागील सीटची पाठ: सीटच्या पाठीमागे पाटा लावून त्यावर ॲम्प्लिफायर बसवल्यास थोडीच जागा लागते. परंतु सामानाचा मार लागू नये म्हणून त्यावर जाळी किंवा आवरण लागते. दुमडणाऱ्या सीटबरोबर तारा वारंवार वाकतात, याचाही विचार करावा लागतो.

डॅशबोर्डमागे: हाताच्या पंजाएवढे डी-वर्गीय ॲम्प्लिफायर संचाच्या मागे किंवा ग्लव्हबॉक्सच्या आत बसवता येतात. दारांतील स्पीकरसाठी ते पुरेसे असतात.

उष्णता

ॲम्प्लिफायरचा कोणता वर्ग निवडला यावर लपवण्याची शक्यता अवलंबून असते. एबी-वर्गीय ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास ४०० वॅट शक्ती देताना सुमारे २६७ वॅट उष्णता निर्माण होते. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या डी-वर्गीय ॲम्प्लिफायरमध्ये हेच प्रमाण सुमारे ७० वॅट असते. संगीतातील सरासरी शक्ती कमाल शक्तीपेक्षा बरीच कमी असल्याने प्रत्यक्ष उष्णता याहून कमी असते, परंतु दोन वर्गांतील फरक कायम राहतो. म्हणूनच बंदिस्त जागेसाठी डी-वर्ग पसंत केला जातो.

ॲम्प्लिफायरचे धातूचे आवरण हेच उष्णता बाहेर टाकण्याचे साधन असते. ते गालिच्याने झाकल्यास किंवा ॲम्प्लिफायर उलटा टांगल्यास उष्णता अडकते आणि संरक्षक परिपथ यंत्रणा बंद पाडतो. चहूबाजूंनी काही सेंमी मोकळी जागा ठेवणे, आवरणाला वर व खाली छिद्रे ठेवणे आणि गरजेनुसार १२ व्होल्टचा लहान पंखा बसवणे हे त्यावरील उपाय आहेत.

वीजजोडणी

वरील उदाहरणातील एबी-वर्गीय ॲम्प्लिफायर कमाल शक्तीवर १३.८ व्होल्टला सुमारे ४८ अँपिअर, तर डी-वर्गीय सुमारे ३४ अँपिअर प्रवाह घेतो. इतका प्रवाह मोटारीच्या मूळ तारांना पेलत नाही, म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार ओढली जाते. या तारेवर बॅटरीपासून साधारण ४५ सेंमीच्या आत फ्यूज बसवतात. हा फ्यूज तारेच्या संरक्षणासाठी असतो. तार घासून मोटारीच्या धातूला टेकल्यास बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि फ्यूज नसल्यास आग लागू शकते. ॲम्प्लिफायरवरील फ्यूज या बिघाडात उपयोगी पडत नाही, कारण तो तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो. फायरवॉलमधून तार नेताना रबरी ग्रोमेट वापरणे याच कारणाने आवश्यक ठरते.

अर्थिंगची तार आखूड व तितकीच जाड ठेवून, रंग खरवडून काढलेल्या धातूवर बोल्टने घट्ट बसवतात. ही जोडणी सैल राहिल्यास इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा शिट्टीसारखा आवाज स्पीकरमधून येऊ शकतो. तो टाळण्यासाठी संकेताच्या तारा वीजतारेपासून दूर नेल्या जातात.

सुरक्षितता

बहुतेक मोटारींत मागील सीटखाली इंधनाची टाकी असते, तसेच तळाखालून ब्रेकच्या नळ्या जातात. त्यामुळे छिद्र पाडण्यापूर्वी मोटारीखालील बाजू तपासणे अनिवार्य आहे. पुढील सीटखाली एअरबॅगच्या तारा असतात. त्या सहसा पिवळ्या वेष्टनात असून त्यांना जोड देणे किंवा छेडणे धोक्याचे असते. सैल ठेवलेला ॲम्प्लिफायर अपघातात प्रवाशांच्या दिशेने फेकला जाऊ शकतो. म्हणून लपवलेला असला तरी तो बोल्टने बांधणे आवश्यक असते. सबवूफरच्या पेटीवर तो बसवल्यास कंपनांमुळे आतील डाख निसटण्याची शक्यता असते.

भारतातील परिस्थिती

भारतात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या मोटारींना करसवलत मिळाल्याने लहान डिकीच्या मोटारी मोठ्या प्रमाणात वापरात आल्या. सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींत डिकीचा बराच भाग टाकीने व्यापलेला असतो. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये डिकीच्या तळाखाली दोन लहान टाक्या बसवल्या. सामानाची जागा वाचवण्याच्या या रचनेमुळे तळाखालील पोकळी ॲम्प्लिफायरसाठी उरत नाही. याउलट, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना २०२० मध्ये स्टेपनीशिवाय विकण्याची मुभा मिळाली. अशा मोटारींत खड्डा असल्यास तो मोकळा मिळू शकतो.

कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात साचलेल्या पाण्यातून मोटार नेल्यास पाणी प्रथम पायाखालच्या गालिच्यात शिरते. अशा ठिकाणी सीटखालच्या मांडणीपेक्षा डिकीच्या बाजूचे कप्पे किंवा डॅशबोर्डमागील उंच जागा अधिक सुरक्षित ठरते.

हे सुद्धा पहा

ध्वनिक्षेपक
सबवूफर
अल्टरनेटर
विद्युत फ्यूज