इतरांना लस टोचणारे स्वतः मागे का राहतात?

नवी दिल्ली : हंगामी फ्लूची लस आरोग्य कर्मचाऱ्यांनी घ्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केलेली आहे. तरीही रुग्णांच्या सतत सहवासात असणारे अनेक डॉक्टर, परिचारिका आणि कक्षसेवक ती घेत नाहीत. त्यामागे लसीला ठाम विरोध असतोच असे नाही. या आजाराविषयीचे काही समज आणि रोजच्या कामातील अडचणी अधिक आड येतात.

फ्लू किरकोळ आहे, हा पहिला समज. धडधाकट तरुण कर्मचाऱ्यासाठी तो बहुधा चार दिवसांचा ताप ठरतो. मात्र २०१५ मध्ये देशात एच१एन१ विषाणूची लागण झालेल्या ४२ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि जवळपास तीन हजार जण दगावले. लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून बाधित व्यक्ती संसर्ग पसरवू शकते. त्यामुळे स्वतःला निरोगी समजणारा कर्मचारीही कर्करोगाच्या रुग्णापर्यंत किंवा नवजात बालकापर्यंत विषाणू नेऊ शकतो. सहा महिन्यांखालील बालकांना ही लस देता येत नाही. त्यांचे संरक्षण भोवतालच्या माणसांवरही अवलंबून असते.

लसीमुळेच फ्लू होतो, हा दुसरा समज. इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या लसीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यापासून फ्लू होत नाही. दंड दुखणे वा अंगात कणकण येणे एक-दोन दिवसांत थांबते. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्या काळात झालेल्या सर्दीचा दोषही अनेकदा लसीवर येतो.

तिसरा आक्षेप परिणामकारकतेचा असून तो निराधार नाही. विषाणू सतत बदलत असल्याने, लस त्याच्याशी चांगली जुळली तरी डॉक्टरांकडे जावे लागण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. तथापि, लसीनंतरही लागण झाल्यास आजाराची तीव्रता कमी राहण्याची शक्यता असते.

हिपॅटायटिस बीच्या लसीच्या तीन मात्रा एकदा पूर्ण केल्या की सहसा काम भागते. फ्लूची लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते. भारतात फ्लूचा जोर जानेवारी ते मार्च आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर असा दोनदा वाढतो. देशाच्या बहुतांश भागात पावसाळ्यापूर्वी, तर काश्मीरसारख्या प्रदेशात हिवाळ्यापूर्वी लस घेणे उपयुक्त ठरते. शिवाय ही लस राष्ट्रीय सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. त्यामुळे रुग्णालयाने व्यवस्था केली नाही, तर खर्च आणि वेळ दोन्ही कर्मचाऱ्यालाच काढावे लागतात.

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरणाचा प्रारंभ आरोग्य कर्मचाऱ्यांपासून झाला, तेव्हा त्यांच्या याद्या आधीच तयार होत्या आणि लस विनामूल्य होती. फ्लूच्या बाबतीतही प्रत्येक पाळीत, विभागातच मोफत लस मिळाली, वरिष्ठ डॉक्टरांनी ती आधी घेतली आणि कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यांनाही सामावून घेतले, तर टाळाटाळीची बरीच कारणे उरणार नाहीत. आपली शुश्रूषा करणाऱ्याने लस घेतली आहे की नाही, हे रुग्ण सहसा विचारत नाही. म्हणूनच ती काळजी रुग्णालयाने वाहिली पाहिजे.